रास्पबेरी पाय ३ ओव्हरक्लॉक केल्यावर सिरियल कन्सोलवर मधूनच कचरा अक्षरं का येतात?

ओव्हरक्लॉकिंगचा (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा) संबंध आहे, पण तुम्हाला ज्या आर्मच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, क्लॉकचा संशय आहे त्याचा नाही; कोअरचा आहे.

तुम्ही लिहिलंय की कॉन्फिग फाइलमध्ये आर्म फ्रीक्वेन्सी आणि कोअर फ्रीक्वेन्सी दोन्ही वाढवल्यात, सिरियल कन्सोलच्या (तारेवरून बोर्डाशी मजकुरात बोलण्याच्या जोडणीच्या) दोन्ही टोकांना ११५२०० बॉड (सेकंदाला इतके बिट) आहे, केबल बदलून झाली, टीएक्स (पाठवणारी पिन) आणि आरएक्स (घेणारी पिन) एकमेकांना जोडून केलेली चाचणीही पास झाली. तरी बोर्डावर काम सुरू झालं की अक्षरं बिघडतात. यातलं ‘काम सुरू झालं की’ हे महत्त्वाचं आहे. केबल खराब असती तर तिने कामाची वाट पाहिली नसती.

पाय ३ मध्ये दोन यूएआरटी (सिरियलचे बिट पाठवणारे-घेणारे भाग) आहेत. एक पीएल०११, चांगला, स्वतःच्या ४८ मेगाहर्ट्झच्या वेगळ्या क्लॉकवर चालणारा. तो मूळ मांडणीत ब्लूटूथला दिलेला असतो. तुमच्या ८ आणि १० नंबरच्या पिनांवर येतो तो दुसरा, मिनी यूएआरटी. त्याला स्वतःचा क्लॉक नाही. तो जीपीयूच्या (ग्राफिक्सच्या भागाच्या) कोअर क्लॉकला भागून बॉड रेट काढतो: कोअर क्लॉक भागिले आठ, आणि पुन्हा भागिले रजिस्टरमधली (यूएआरटीच्या सेटिंगच्या खणातली) संख्या अधिक एक. कोअर २५० मेगाहर्ट्झ असताना रजिस्टरमध्ये २७० बसतं आणि वेग येतो सुमारे ११५३१३. एवढी चूक कोणीही खपवून घेतं. मात्र पाय ३ चा कोअर भार पडला की ४०० वर जातो. रजिस्टरमध्ये २७० तसंच राहतं आणि तुमचा बॉड रेट कोणालाही न सांगता १,८४,५०० च्या आसपास पोचतो. तुम्ही तर कोअरची कमाल मर्यादा अजून वर नेली आहे, म्हणजे तफावत याहून मोठी. आर्म फ्रीक्वेन्सीचा या पिनांवरच्या वेगाशी थेट संबंध नाही.

सिरियलच्या तारेतून क्लॉक जात नाही. समोरचा फक्त स्टार्ट बिटची (अक्षर सुरू झाल्याची खूण देणाऱ्या पहिल्या बिटाची) कड पाहतो आणि तिथून स्वतःच्या घड्याळाने मोजत जातो. ११५२०० ला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे पहिला डेटा बिट तो कडेपासून साधारण १३ मायक्रोसेकंदांनी वाचतो. पाठवणारा १,८४,५०० ने बोलत असेल तर तोपर्यंत तारेवर दुसरा डेटा बिट आलेला असतो. पाठवणाऱ्याचं अख्खं अक्षर ५४ मायक्रोसेकंदांत संपतं, तेव्हा घेणारा अजून सातव्या बिटावर असतो आणि उरलेले बिट पुढच्या अक्षरातून उचलतो. म्हणून कचरा येतो, आणि दरवेळी वेगळा येतो. दहा बिटांच्या एका अक्षरात दोन्ही टोकांची मिळून चूक ढोबळमानाने पाच टक्क्यांच्या आत असली तरच निभावतं. इथे साठ टक्के आहे.

आता ती पास झालेली चाचणी. मीही तिच्यावर विश्वास ठेवून दोन रात्री अडॅप्टर आणि वायरी बदलत बसलो होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. टीएक्स-आरएक्स जोडल्यावर पाठवणारा आणि घेणारा एकाच क्लॉकवर असतात. क्लॉक कितीही सरकला तरी दोघे बरोबरच सरकतात, म्हणून चाचणी पास होते. तिने पिन आणि ड्रायव्हर ठीक आहेत एवढंच कळतं, वेग बरोबर आहे का ते नाही. त्यात मिनी यूएआरटीला फ्रेमिंगची चूक (अक्षराचा शेवट जागेवर नसणं) ओळखताच येत नाही, त्यामुळे कर्नलच्या नोंदींतही काही सापडत नाही. मला उलगडा झाला तो एसएसएचवरून (नेटवर्कने बोर्डात शिरून) कोअर क्लॉक मोजणारी ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर-क्लॉक कोअर’ ही आज्ञा चालवल्यावर. बोर्ड निवांत असताना २५ कोटी हर्ट्झ, भार टाकला की ४० कोटी. तुम्ही हेच आधी करून पाहा.

उपाय दोन आहेत. पहिला, कॉन्फिग फाइलमधली कोअर फ्रीक्वेन्सीची तुमची ओळ काढून टाका आणि तिथेच ‘एनेबल-यूएआरटी’ १ करा. मग फर्मवेअर कोअर २५० वर बांधून ठेवतं. ‘फोर्स-टर्बो’ (कायम कमाल वेग) १ असेल तर तो वरच्या आकड्यावर बांधला जातो. कन्सोलला दोन्ही चालतं, कारण त्याला क्लॉक किती आहे याच्याशी देणंघेणं नाही, तो हलता कामा नये इतकंच.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: पीएल०११ च पिनांवर आणा. ब्लूटूथ लागत नसेल तर ‘डिसेबल-बीटी’ हा ओव्हरले (हार्डवेअरची मांडणी बदलणारी, कॉन्फिग फाइलमधली ओळ) टाका आणि ब्लूटूथची एचसीआययूएआरटी ही सेवा असेल तर बंद करा. ब्लूटूथ हवंच असेल तर ‘मिनीयूएआरटी-बीटी’ ओव्हरले आहे, पण तेव्हा ब्लूटूथ त्या डळमळत्या क्लॉकवर जातं, म्हणून कोअर बांधावाच लागतो. मशीन अडकलं की शेवटचा आधार कन्सोलचाच असतो. त्याच्या वाट्याला दुय्यम यूएआरटी यावा हे मला कधीच पटलेलं नाही.

सीएमडीलाइन फाइलमध्ये (सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचना जिथे असतात तिथे) ‘सिरियल०’ हेच नाव ठेवा. ते टोपणनाव आहे, पिनांवर जो यूएआरटी असेल त्याकडे आपोआप वळतं. सगळा मजकूर एकाच ओळीत हवा. आणि दोन ‘कन्सोल=’ असतील तर कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण नंतर सेवा सुरू होतानाचे संदेश शेवटी लिहिलेल्याकडेच. स्क्रीन न जोडता वापरत असाल तर सिरियल शेवटी लिहा.

पुढे बोर्ड बदललात तर: पाय ५ ला दोन एचडीएमआयच्या मधे कन्सोलसाठी वेगळं तीन पिनांचं सॉकेट आहे, तिथे ही भानगड नाही. रॉकचिप कंपनीच्या चिपवरच्या बऱ्याच बोर्डांवर कन्सोल १५,००,००० बॉडवर असतो, २४ मेगाहर्ट्झ भागिले १६ बरोबर तेवढेच येतात. तिथे सुरुवातीपासूनच कचरा दिसला तर बोर्डाला दोष देण्याआधी तुमचा अडॅप्टर तो वेग पेलतो का ते पाहा, जुन्या सीपी२१०२ या अडॅप्टर-चिपला तो झेपत नाही.

आणि अडॅप्टर बदलत असाल तर त्याचा जंपर ३.३ व्होल्टवर आहे याची खात्री करून मगच वायर लावा. पायच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत.