नोव्हेंबरपर्यंत गजरा बंद का?

*ताई, स. न. वि. वि.*

*मी कोथरूडची. वय ५९, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. लेक-जावई जपानात योकोहामाला असतात. नोव्हेंबरात आम्ही दोघं पंधरा दिवस त्यांच्याकडे जाणार आहोत. पहिलाच परदेश प्रवास. आनंद व्हायला हवा, पण धास्तीच जास्त वाटते. मी शुद्ध शाकाहारी. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला घाबरते. आजवर एकटीने हॉटेलात चहासुद्धा प्यायलेली नाही. म्हणून एक वही केली आहे. मेट्रोचा सराव, चॉपस्टिकचा सराव, रोज दहा हजार पावलं, पन्नास जपानी शब्द, असं बरंच. शिवाय खर्च वाचावा आणि आजारपण नको म्हणून नाटक, बाहेरचं खाणं, शुक्रवारचा गजरा, सगळं बंद केलंय. हे म्हणतात, "तिकडे गेल्यावर कर काय मजा करायची ती." परवा लेकीने फोनवर विचारलं, "आई, तुला इथे काय बघायचंय?" मी म्हटलं, "तुम्ही न्याल तिथे येईन." ती एकदम गप्पच झाली. (ते ऑनसेन की काय असतं, ते करावंच लागतं का?) माझी तयारी बरोबर चाललीय ना?*

*— वहीवाली*

*ता. क. व्हिसाचं जावई बघतोय. आणि हो, पूर्वी मी गोधडी शिवायचे.*

प्रिय बाई,

(शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार?) तयारी जोरात चाललीय, यात शंका नाही. पण तुमचं पत्र वाचताना प्रश्न पडला, की तुम्ही लेकीकडे निघाला आहात की शाळेची तपासणी करायला साहेब येणार आहेत?

आधी बंद केलेल्या गोष्टींचं बघू, कारण त्याचा मला जास्त राग आला. योकोहामाहून क्योटोला बुलेट ट्रेनने एका माणसाने एका बाजूने जायचं तर साधारण १३-१४ हजार येन लागतात, म्हणजे सात-आठ हजार रुपये. आता तुमचा हिशेब मांडा. महिन्याला एक नाटक दोघांचं, दर शुक्रवारी गजरा, अधूनमधून डोसा. चार महिन्यांत हे सगळं वाचवून त्या एका तिकिटाचे पैसे तरी निघतात का? आणि तेवढ्यासाठी आषाढापासून कार्तिकापर्यंत घरात सुतक पाळायचं? आजारपणाचं म्हणाल तर जुलैत खाल्लेला डोसा नोव्हेंबरात बाधत नाही. पावसाळ्यात पाणीपुरी नको म्हणालात तर ते मात्र मान्य.

तेव्हा या शुक्रवारपासून गजरा सुरू. याचं कारण विचारू नका.

आता खरी गोष्ट. वहीत तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण लेकीने विचारलेला प्रश्न त्यात कुठेच नाही. ती गप्प का झाली असेल? आईला काय दाखवू, काय खिलवू म्हणून ती गेले कित्येक दिवस मनात आखत असणार. त्यावर तुम्ही म्हणालात, "तुम्ही न्याल तिथे." तुमच्या मते हा समजूतदारपणा. तिला मात्र कळेना, आईला नक्की आवडतं तरी काय. आणि खरं सांगा, तुम्हाला तरी ठाऊक आहे का? शाळा, स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्य, मुलीचे क्लास, या सगळ्यात तुमच्या आवडीनिवडी कुणी विचारल्या नसतील, तुम्हीही सांगितल्या नसतील. आपल्या पिढीच्या कितीतरी घरांत असंच झालं. ताटात शेवटी काय उरलंय ते बघून "मला हेच आवडतं" म्हणणाऱ्या बायका मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत.

म्हणून या चार महिन्यांत जपानचा सराव करू नका. नवं काही करून बघा, पण ते स्वतःला आवडतंय का एवढं तपासायला.

सुरुवात एकटीने हॉटेलात जाण्यापासून. मैत्रिणीला बरोबर घ्यायचं नाही. दुपारी तीन-साडेतीनला गर्दी ओसरलेली असते, तेव्हा जवळच्या एखाद्या उडपी हॉटेलात जा. भिंतीकडे तोंड करून बसू नका, रस्ता दिसेल अशी जागा घ्या. आणि "हे काय, घरीसुद्धा करता येतं" म्हणून आजवर जे कधी मागवलं नाही, नेमकं तेच मागवा. पहिली दहा मिनिटं सगळं हॉटेल आपल्याकडेच बघतंय असं वाटेल. कुणी बघत नसतं, वेटरसुद्धा नाही. मोबाइल पर्समध्येच राहू द्या. आवडलं नाही तर अर्धं ठेवून उठा. शाळेत डबा संपवायला लावणाऱ्या बाईंना हे जड जाणार, मला माहीत आहे. जपानात एकट्याने जेवणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. बऱ्याच खाणावळींत गल्ल्यासारखा लांब ओटा असतो, त्यावर एकेकटी माणसं शेजारी शेजारी बसून जेवत असतात. लेक-जावई कामावर आणि यजमान गुडघे धरून घरी, असे चार-पाच दिवस तुमच्या वाट्याला येणारच. ते दिवस घरात बसून काढायचे नाहीत.

मेट्रो. वहीत 'मेट्रोचा सराव' लिहिलंय ते खोडा आणि तिथे नाटकाचं नाव लिहा. तुमच्याकडून वनाज किंवा आयडियल कॉलनीला मेट्रोत बसलात की छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनवर उतरायचं. बालगंधर्व तिथून चालत जाण्याजोगं आहे. नाटक, मध्यंतरातला बटाटावडा आणि सरकता जिना, तिन्ही एकाच संध्याकाळी. जिन्यावर आधी कठड्याच्या सरकत्या पट्ट्यावर हात ठेवा, दुसऱ्या हाताने निऱ्या किंचित उचला, नजर समोर ठेवा आणि पाऊल पायरीच्या मधोमध टाका, पिवळ्या रेघेवर नाही. पायांकडे बघत राहिलात की तोल जातो. अगदीच नको वाटलं तर लिफ्ट असते, इथेही आणि तिकडेही. धीर आला की पुढच्या खेपेला जिल्हा न्यायालय स्टेशनवर गाडी बदलून मंडईला जा. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. तिथले जिने जमले की टोकियोत काही अडणार नाही. फक्त टोकियो-योकोहामाकडे जिन्यावर डावीकडे उभं राहतात आणि ओसाकात उजवीकडे. का, ते विचारू नका, तिथे पोचलात की पुढचा उभा असेल तिथे उभ्या राहा. मंडईची गाडी मुठेच्या पात्राखालून जाते. भाजी आणायला नदीखालून जायचं, ही गंमत पुण्यात राहून का सोडायची?

नंतर एका सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. उघडण्याच्या वेळा तेवढ्या बघून घ्या. पुणे आणि जपानमधलं ओकायामा यांच्या मैत्रीखातर ही बाग केली, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून. कोराकुएन ही जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक, साधारण १७०० सालची. आपल्या बागेत पाणी, पूल, टेकाडं, सगळं तसंच बेतलंय. पावसाची रिपरिप असेल तर छत्री घेऊन तासभर रेंगाळा. फोटो काढू नका. बघा, मन लागतं की दहा मिनिटांत भाजीची आठवण येते. कंटाळा आला तर ही फार कामाची माहिती आहे. क्योटोत बागा इतक्या आहेत की कुणी तुम्हाला रोज दोन दाखवील. मग लेकीला आताच सांगता येईल, "एक बाग पुरे, बाकी बाजार दाखव."

पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली, तुम्ही ओझरतं लिहिलंय की पूर्वी गोधडी शिवायचात. ते वाचून मी थबकले. जपानात साशिको नावाचं भरतकाम आहे. निळ्या जाड कापडावर पांढऱ्या दोऱ्याने आपलाच धावदोरा, ओळीत ओळ, चौकटीत चौकट. खेड्यांतल्या बायका फाटकं कापड टिकावं, थंडीत ऊब मिळावी म्हणून हे करायच्या. माळ्यावरची सुई-दोऱ्याची पिशवी काढा आणि एक वीतभर तुकडा शिवून बघा. हात रमला तर पन्नास शब्दांपैकी 'साशिको' एवढाच पाठ करा, बाकीचे सोडून द्या.

खाण्याबद्दल मात्र खरं काय ते सांगते. शुद्ध शाकाहारी माणसाला जपान सोपं नाही. दाशी म्हणून एक पाणी असतं, बहुतेक वेळा सुकवलेल्या माशापासून केलेलं. मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, भाजी शिजवायलाही तेच. 'मांस नको' म्हटलं तर मासा त्यात धरत नाहीत. म्हणून दाशीचं लेकीलाच विचारू द्या, हातवाऱ्यांनी हे सांगता येत नाही. आणि तिला कोयासानचं विचारा. इ.स. ८१६ मध्ये वसलेलं डोंगरावरचं मठांचं गाव. तिथे मठात मुक्काम करता येतो आणि भिक्षूंचं जेवण मिळतं. पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. दाशी करतात तीही समुद्री शेवाळाची आणि अळंब्यांची. लांब आहे, खर्चिक आहे, पण मागायचंच तर असं काही मागावं.

एरवी भाजलेली रताळी भरपूर मिळतील, तो त्यांचा मोसमच. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, ते घातलेले भाताचे त्रिकोण मिळतील. मोची म्हणजे तांदळाचा चिकट गोळा, त्याच्या पोटात गोड अझुकी असतं, ते आपल्या चवळी-मुगाच्याच गोतावळ्यातलं. इथे पुण्यात फक्त टोफू खाऊन बघा. पनीरसारखा भाजीत घालू नका, थंड टोफूवर किसलेलं आलं आणि सोया सॉसचे चार थेंब. बेचव वाटला तर वाटला, निदान कळेल. चॉपस्टिक सोडून द्या, चमचा मागितला तर कुणी हसत नाही. फक्त भातात त्या उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकीतून दुसरीत घास द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंत्यविधीतल्या आहेत.

ऑनसेन म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरची आंघोळ. कपडे काढून, पण बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. नको असेल तर नाही म्हणा, विषय संपला. याचा सराव वहीत नाही ते बरंय.

राहिले यजमान. "तिकडे गेल्यावर" म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालू नका. दोन तिकिटं काढा आणि नाही आले तर शेजारच्या वहिनींना न्या. मला वाटतं त्यांनाही कसलीतरी भीती आहे आणि ती ते तुम्हाला सांगत नाहीत. बहुधा चालण्याची. रोज थोडं टेकडीवर बरोबर न्या, गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांना आताच दाखवा. दोघांचेही बूट सप्टेंबरातच घ्या, पटकन काढता-घालता येणारे. तिकडे जागोजागी बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे न फाटलेले हवेत.

महिनाभराने लेकीला मेसेज करा. तीन वाक्यं पुरेत. हे बघायचंय, हे खायचंय आणि हे मला नको. तिसरं वाक्य गाळू नका, तिला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल.

आणि व्हिसाचं जावई बघतोय म्हणालात, उत्तम. पण परदेशी पाहुण्याने पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा, असा तिथला कायदा आहे. तेव्हा दोघांचे पासपोर्ट एकत्र, ते यांच्या बॅगेत, ही आपली पद्धत तिकडे चालायची नाही. तुमचा तुमच्या पर्समध्येच ठेवा.

— ताई