मंगळाची हवा गेली कुठं?

प्रिय,

तुझा प्रकल्पाचा आराखडा वाचला. पहिल्याच पानावर लिहिलं आहेस की मंगळाचं चुंबकीय क्षेत्र संपलं आणि सौरवाऱ्यानं, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या भारित कणांच्या झोतानं, त्याची हवा ओढून नेली. हे सगळीकडे छापलेलं सापडतं, पण तेवढ्यावर थांबू नकोस. शुक्राकडे बघ. स्वतःचं चुंबकीय क्षेत्र त्यालाही नाही, सूर्याच्या तर तो कितीतरी जवळ, आणि तरीही तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पट. मंगळावर पृथ्वीच्या एक टक्काही नाही.

म्हणून हवा सरसकट एक धरू नकोस, प्रत्येक अणूची वाट वेगळी शोध. मंगळावरून कायमचं सुटायला सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेग लागतो. वरच्या विरळ थरात हायड्रोजनचा नेहमीचा वेग साधारण २ किलोमीटर. त्यातले मोजके अतिवेगवान अणू उष्णतेच्या जोरावरच निसटतात. धुळीची वादळं उठली की बाष्प उंच चढतं आणि ही गळती वाढते.

ऑक्सिजन सोळापट जड, त्याला उष्णता पुरत नाही. त्याची वाट मला फार सुंदर वाटते. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वरच्या हवेत ऑक्सिजनचे विद्युतभारित रेणू तयार होतात. अशा रेणूला इलेक्ट्रॉन येऊन मिळाला की तो फुटतो आणि दोन अणू विरुद्ध दिशांना भिरकावले जातात. मंगळावरून सुटायला एका अणूला सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते, आणि या फुटण्यातून प्रत्येकाला त्याहून जास्त मिळू शकते. पृथ्वीवर लागतात जवळजवळ १०. तिथं हाच अणू परत खाली येतो. ग्रह लहान असणं किती महागात पडतं ते इथं कळतं.

मग आर्गॉन. तो कशाशी संयोग पावत नाही, खडकात मुरत नाही, उष्णतेनं पळण्याइतका हलकाही नाही. सौरवाऱ्यानं पकडलेले आयन, म्हणजे भारित अणू, परत येऊन वातावरणावर आदळतात, तेव्हाच तो उडून जातो. आर्गॉन-३६ हा हलका प्रकार, आर्गॉन-३८ जड. खालच्या थरांपेक्षा वरच्या थरांत आर्गॉन-३८ च्या तुलनेत आर्गॉन-३६ चा वाटा जास्त, त्यामुळे हलकाच अधिक जातो आणि मागे जड उरतो. २०१४ मध्ये मंगळाभोवती पोहोचलेल्या नासाच्या मेव्हन यानानं हे प्रमाण मोजलं, आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला की मंगळाचा सुमारे ६५ टक्के आर्गॉन अवकाशात गेला आहे. सौरवाऱ्याचा हात खरा कुठं आहे, तो इथं दिसतो. आपलं मंगळयानही मेव्हनपाठोपाठ त्याच आठवड्यात पोहोचलं होतं. त्यावरच्या मेन्का उपकरणाला बाह्य वातावरणात नेहमीपेक्षा जास्त ऊर्जेचा आर्गॉन आढळला. तो निबंध जरूर वाच.

आता पहिलं पान बाजूला ठेव आणि ऑक्सिजनचं गणित मंगळ, शुक्र, पृथ्वी तिघांसाठी हातानं कर. संगणकाला नंतर हात लाव. आकडे जुळले नाहीत तरी तसेच पाठव, आपण बसून बघू.

तुझा,
सर