मांडीची ३१ हाडे, तर माणसे किती?

एकाच खड्ड्यात मांडीची ३१ हाडे मिसळलेली मिळाली तर माणसे १६ धरावीत का, असे वाशीच्या सदस्याने विचारले आहे. ठाण्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांना मी शरीररचना शिकवत असे, तेव्हा वर्षअखेरीस परत येणाऱ्या हाडांच्या पेट्यांत एकाचा डावा पाय आणि दुसऱ्याचा उजवा हमखास निघे. वर्तमानपत्रे पसरून ती निवडण्यात आमच्या दुपारी जात. त्या अनुभवावरून सांगतो, निम्मे करणे हीच पहिली चूक आहे.

आधी डावी-उजवी वेगळी करावीत. समजा, १७ डावी आणि १४ उजवी निघाली, तर माणसे किमान १७ आहेतच. लांबी, हाडाच्या वरच्या गोल डोक्याचा व्यास आणि स्नायूंच्या खुणा पाहून ११ जोड्या जुळल्या, तर उरलेली ६ डावी आणि ३ उजवी हाडे नऊ निराळ्या माणसांची ठरतात आणि किमान संख्या २० होते. काहींची दोन्ही हाडे नाहीशी झालेली असू शकतात, म्हणून वन्यप्राण्यांच्या गणनेतून आलेले लिंकन-पीटरसन सूत्र लावतात. डावी, उजवी आणि जोड्या या प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा: १८ गुणिले १५, भागिले १२, वजा १, म्हणजे २१.५; अपूर्णांक सोडून २१. जोड्या चुकल्या, तर मात्र हा आकडाही फसवा ठरतो.

सांध्यांनी हाडे जुळवताना मणक्याला मणका, किंवा त्रिकास्थीला (कण्याच्या तळच्या त्रिकोणी हाडाला) कटीची हाडे बसतात ती बहुधा खात्रीने. खांद्याचा सांधा इतका उथळ असतो की त्यावर मी कधीच विसंबलो नाही. मोजमापेही ‘हे त्याचे नाही’ एवढेच ठामपणे सांगतात.

मग थेट डीएनए का नको? तोही हवाच. १९४१ साली पर्ल हार्बरला बुडालेल्या ‘ओक्लाहोमा’ युद्धनौकेवर ४२९ जण गेले. पुढे पाच जणांची समजलेली एक शवपेटी २००३ मध्ये उघडली, तेव्हा तीत नव्वदहून अधिक जणांचे अवशेष असल्याचे डीएनएने दाखवले. परंतु मातेकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सख्ख्या भावांत सारखाच असतो, आणि नमुन्यासाठी हाड कापावे लागते. म्हणून मोजणी, छायाचित्रे आणि वर्गवारी आधी उरकावी.

वरच्या उदाहरणात अहवालात ‘किमान २०, संभाव्य २१’ असे दोन्ही आकडे लिहावेत. ज्या हाडाचा धनी ठरत नाही, ते स्वतंत्र क्रमांकाने ठेवावे. सांगाडा पुरा करण्याच्या घाईत ते एका कुटुंबाकडे गेले, तर दुसऱ्यासाठी तेच परत मागण्याची वेळ येते.