मिलिंगचं हेड सरळ करायची पट्टी घरी बनवता येते का? येते, आणि ती अचूक असावी लागत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: छोट्या टरेट मिलिंगचं (ज्याचं हेड चारी बाजूंना कलवता येतं) हेड टेबलाला काटकोनात आणायचंय, दोन डायलवाली (डायल म्हणजे बारीक फरक सुईने दाखवणारा गेज) तयार पट्टी महाग पडते, घरी बनवली तर चालेल का? आणि स्पिंडलमध्ये (कटर फिरवणाऱ्या मुख्य दांड्यात) धरायचा दांडा पट्टीला नेमका काटकोनात बसला नाही तर?

खुशाल बनवा. आणि त्या काटकोनाची काळजी सोडून द्या. पट्टी वाकडी असली तरी स्पिंडलबरोबर ती त्या वाकडेपणासकट फिरते. डावीकडे डायल टेकवून वाचलं, अर्धा फेरा फिरवून तोच डायल उजवीकडे वाचला, तर पट्टीची चूक दोन्हीकडे सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. उरतो तो फक्त टेबल आणि स्पिंडलमधला फरक. पट्टी ढिली असेल तर मात्र काहीच निघून जात नाही, दर वेळी नवीन आकडा दिसतो. म्हणून मेहनत घ्यायची ती ताठपणावर.

२५ × १२ मिमीची एमएसची (साध्या लोखंडाची) पट्टी पुरते. दांडा ईएन-८ या स्टीलचा, २० मिमीचा किंवा तुमच्या कोलेटमध्ये (स्पिंडलमधल्या पकडीत) बसेल तेवढा जाड. त्याला खांदा ठेवा, खांदा पट्टीवर सपाट टेकला पाहिजे, आणि खालून एम१० बोल्टने करकचून आवळा. लांबी टेबलाची रुंदी बघून ठरवा, कारण हीच पट्टी पुढे-मागेही फिरवायची आहे. टेबल २५० मिमी रुंद असेल तर डायल ते डायल २४० मिमी ठेवा.

प्लंजर डायलचा (टोक सरळ आत-बाहेर होणाऱ्या डायलचा) दांडा ८ मिमीचा असतो. पट्टीच्या टोकांना ८ चं रीमर मारा, भोकापासून टोकापर्यंत हॅक्सॉने चीर द्या आणि आडवा एम५ ॲलन बोल्ट लावा. हा बोल्ट जोर काढून आवळायचा नाही. प्लंजर दाबून सोडा, सुई टचकन जागेवर यायला हवी. रेंगाळत आली तर दांडा चेपला जातोय, बोल्ट थोडा सैल करा. मग पट्टी स्पिंडलमध्ये धरून टोकाला बोटाने हलका दाब द्या आणि सोडा. सुई त्याच रेघेवर परत आली की पट्टी पास.

आता दोन डायल जुळवणं. इथे लोक हमखास गडबड करतात. डाव्या बाजूला टेबलावर एक ग्राइंड केलेला ब्लॉक ठेवा, पहिला डायल त्यावर सुई अर्धा फेरा फिरेल इतका दाबून शून्य करा. मग ब्लॉक आणि टेबल दोन्ही जागच्या जागी ठेवून स्पिंडल अर्धा फेरा फिरवा. दुसरा डायल त्याच ब्लॉकवर येईल, तो तिथे शून्य करा. त्याचं तोंड आता कॉलमकडे असतं, म्हणून मागे मोबाइलचा कॅमेरा धरून वाचा. ब्लॉक उजवीकडे नेऊन दुसरा डायल शून्य केलात तर हेडचा तिरकेपणाच शून्यात जमा होईल आणि मशीन आयुष्यभर ‘सरळ’ दिसेल.

खरं सांगायचं तर दुसऱ्या डायलची चैन आहे. हेड ढकलताना दोन्ही बाजू एकदम दिसतात, एवढाच फायदा. घरात एक पपी डायल (छोट्या लिव्हरच्या टोकाचा डायल) पडलेला असेल तर तो एका टोकाला लावा आणि फिरवत बसा, काम तेवढंच चोख होतं. फक्त टी-स्लॉटमध्ये (टेबलाच्या खाचांत) टोक पडून डायलला झटका बसतो. त्यासाठी मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग टेबलावर ठेवून तिच्यावर फिरवायचं. ६२२० नंबरच्या बेअरिंगची रिंग १८० मिमी व्यासाची असते, भंगारात मिळते. पण त्यासाठी डायल मध्यापासून साधारण ८५ मिमीवर घ्यावा लागेल. वापरण्याआधी तिची जाडी मायक्रोमीटरने चारी बाजूंनी मोजून घ्या.

मोजण्याआधी मेन स्विच बंद करा, गिअर न्यूट्रलला घ्या, टेबलावर ऑइल स्टोन फिरवून बर (उठलेल्या धारा) काढा, क्विल (स्पिंडल वर-खाली करणारी नळी) आणि नी (टेबल उचलणारा भाग) लॉक करा. आधी पुढे-मागे, मग डावं-उजवं. हेडचे बोल्ट पूर्ण सोडू नका, हेड जड असतं आणि खाली येतं. जेमतेम धरून ठेवतील इतकेच सैल ठेवा, ॲडजस्टिंग स्क्रूने हलवा आणि बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. आवळताना हेड सरकतंच, त्यामुळे शेवटचं वाचन बोल्ट पूर्ण आवळल्यावरचं धरा, आणि एक बाजू लावली की दुसरी परत तपासा.

२४० मिमीवर ०.०२ मिमी फरक आला की थांबा. ६३ मिमीच्या फेस कटरखाली तो फरक जेमतेम ५ मायक्रॉन होतो. त्यामागे लागण्यात अर्थ नाही.

कोणती बाजू बिघडली आहे ते जॉबच सांगतो. टेबल डावीकडे-उजवीकडे चालवून फेसिंग (वरचा पृष्ठभाग सपाट) केलं आणि दोन पासांच्या (कटरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांच्या) मध्ये नखाला पायरी लागली, तर हेड पुढे किंवा मागे कललंय. पायरी नाही, पण स्टीलपट्टी फीडला आडवी ठेवल्यावर प्रत्येक पासाच्या मधोमध उजेड दिसतो, तर डावं-उजवं बघा.

तुमचं मशीन टरेट नसून मिनी मिल असेल तर हेडला पुढे-मागे कलण्याची सोय बहुधा नसते. तिथे कॉलमच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घालावी लागते. शिमची जाडी काढायला डायलमधला फरक भागिले डायल ते डायल अंतर, गुणिले कॉलमच्या पुढच्या-मागच्या बोल्टमधलं अंतर. ०.१२ चा फरक, २४० चं अंतर आणि बोल्ट १०० वर असतील तर ०.०५ ची शिम. फीलर गेजचं जुनं पान कापून घातलं तरी चालतं.