यमक जुळणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या अर्थांतही नातं असतं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. नाइट, लाइट, फाइट असे यमक जुळणारे इंग्रजी शब्द तुम्हाला अर्थासकट हवेत, आणि उच्चार इतके जवळचे असतील तर अर्थांचंही काही नातं असतं का, हे जाणून घ्यायचंय. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण कोणते शब्द निवडायचे ते त्यावर ठरतं. बहुतेक वेळा नातं नसतं. पण जिथे असतं तिथे ते फार मजेशीर असतं, आणि याद्या पाठ करणाऱ्यांच्या हातून नेमकं तेच निसटतं.

आधी यमकाचा नियम पाहू. मराठीत शेवटचं एखाददुसरं अक्षर जुळलं तरी आपण चालवून घेतो. इंग्रजीत ज्या स्वरावर जोर असतो तिथपासून पुढचं सगळं जुळावं लागतं आणि त्या स्वराआधीचं व्यंजन मात्र वेगळं असावं लागतं. म्हणून नेशन आणि स्टेशन यांचं यमक होतं, नेशन आणि मोशन यांचं होत नाही. आपल्या कानाला दोन्ही जोड्या सारख्याच वाटतात. उलट रात्र या अर्थाचा नाइट आणि घोड्यावरच्या योद्ध्यासाठीचा, 'के'पासून लिहिला जाणारा नाइट, ही जोडी त्यांच्याकडे यमक म्हणून कच्ची, कारण आधीचं व्यंजनही तेच. आपल्या अलंकारशास्त्रात तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने पुन्हा आली की त्यालाच यमक म्हणतात! तेव्हा इंग्रजी शिकवणारा एखादा शब्द यमकात बसत नाही म्हणाला, तर तो त्याच्या नियमाने बोलतोय हे धरून चालायचं.

आता तुमच्याच उदाहरणांकडे वळतो. नाइट म्हणजे रात्र, लाइट म्हणजे उजेड आणि वजनाला हलकंही, फाइट म्हणजे लढाई, साइट म्हणजे दृष्टी किंवा दृश्य, ब्राइट म्हणजे लख्ख, टाइट म्हणजे घट्ट, फ्राइट म्हणजे दचकून वाटलेली भीती, माइट म्हणजे बळ, प्लाइट म्हणजे दुरवस्था, ब्लाइट म्हणजे पिकावर पडणारा रोग. अर्थ चारी दिशांना विखुरलेले. या सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये जे 'जीएच' बसलंय, ते यातल्या बहुतेकांत एकेकाळी उच्चारलं जायचं, घशातून येणाऱ्या 'ख'सारख्या आवाजात. जर्मन भाषेत ते अजून ऐकू येतं: रात्रीला नाख्ट, उजेडाला लिख्ट. इंग्रजांनी तो आवाज टाकला, अक्षरं ठेवली. मग काइट, व्हाइट, बाइट हे शब्द, ज्यांत तो आवाज कधीच नव्हता, ते नाइटशी जुळायला लागले. म्हणजे नाइट आणि व्हाइट यांचं यमक मुळात नव्हतंच, ते पुढे घडलं. जाता जाता, काइट म्हणजे आधी घार. हवेत तशीच तरंगते म्हणून पतंगाला ते नाव मिळालं.

याच घराण्यात डिलाइट हा एक घुसखोर आहे. अर्थ आनंद, आला फ्रेंचमधून, आणि जुन्या स्पेलिंगमध्ये 'जीएच' नव्हतं. लाइटशी उच्चार जुळतो म्हणून लोकांनी ते घातलं. उजेडाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तीच गत 'कुड'ची. 'शुड' आणि 'वुड' यांच्यात 'एल' पूर्वीपासून हक्काचा आहे, कारण ते शॅल आणि विल यांची रूपं. कुड हे कॅनचं रूप, त्यात 'एल' येणार कुठून? शेजाऱ्यांकडे बघून आला. अर्थाचं नातं नसताना नुसत्या यमकाने स्पेलिंग बदलल्याची ही उदाहरणं मला नेहमी मोठी वाटतात.

स्पेलिंगवरून यमक ओळखायला जाल तर मात्र फसाल. लव्ह, मूव्ह आणि स्टोव्ह, तिघांच्या शेवटी 'ओ-व्ही-ई', उच्चार तीन. ब्लड, फूड आणि गुड, तिघांत 'डबल ओ', उच्चार पुन्हा तीन. ब्लड, फूड आणि गुड या तिघांत पूर्वी एकच दीर्घ 'ओ' होता. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकत गेले, त्यात या 'ओ'चा 'ऊ' झाला. फूड तिथेच थांबला. ब्लडमधला स्वर लवकर ऱ्हस्व झाला आणि पुढे 'अ'कडे गेला. गुड उशिरा ऱ्हस्व झाला, म्हणून 'उ'वर राहिला. याच काळात छपाई आली, १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, आणि शब्द कागदावर गोठत गेले, तोंडात मात्र बदलत राहिले. त्यामुळे यादी करायची तर कानाने करा. ब्लडबरोबर फ्लड म्हणजे पूर आणि मड म्हणजे चिखल, फूडबरोबर मूड आणि रूड म्हणजे उर्मट, गुडबरोबर वुड म्हणजे लाकूड आणि हुड म्हणजे डोक्यावरून घ्यायची टोपी.

आता मला सगळ्यांत उपयोगाचा वाटणारा गट. काही इंग्रजी शब्द लिहायला एकच, पण यमक कोणाशी जुळवता त्यावर अर्थ ठरतो. 'टी-ई-ए-आर' हा शब्द फिअर आणि निअर यांच्याशी जुळवला तर अश्रू, केअर आणि हेअर यांच्याशी जुळवला तर फाडणं. 'एल-ई-ए-डी' हा बेडशी जुळला तर शिसं हा धातू, बीडशी जुळला तर पुढे होऊन नेणं. 'बी-ओ-डब्ल्यू' गोसारखा म्हटला तर धनुष्य, नाऊसारखा म्हटला तर वाकून केलेलं अभिवादन. 'आर-ओ-डब्ल्यू' गोसारखा म्हटला तर रांग किंवा वल्हवणं, नाऊसारखा म्हटला तर कडाक्याचं भांडण. 'एस-ओ-डब्ल्यू' गोसारखा म्हटला तर पेरणं, नाऊसारखा म्हटला तर डुकरीण. 'डब्ल्यू-ओ-यू-एन-डी' हा साउंड आणि फाउंड यांच्याशी जुळला तर गुंडाळलं, नाहीतर वूंड, म्हणजे जखम. वाचताना असा शब्द आला की नुसता अर्थ लिहून ठेवू नका, शेजारी त्याच्या यमकाचा एक सोपा शब्द लिहा. दोन्ही एकदम लक्षात राहतात.

बरं, आता जिथे यमक आणि अर्थ हातात हात घालून चालतात, तिथे येऊ. 'अंबल'ने संपणारे शब्द बघा. मंबल म्हणजे पुटपुटणं. ग्रंबल म्हणजे कुरकुरणं. फंबल म्हणजे चाचपडणं, हातातली वस्तू निसटू देणं. स्टंबल म्हणजे अडखळणं. टंबल म्हणजे कोलमडणं. क्रंबल म्हणजे भुगा होणं. जंबल म्हणजे सरमिसळ. रंबल म्हणजे लांबून येणारी गडगड. बोलणं असो, चालणं असो की वस्तू असो, सगळीकडे काहीतरी धड होत नाहीये, तोल जातोय, मोडतंय. हे सगळे शब्द एका मुळातून आलेले नाहीत. तरी आवाज तसा आणि अर्थही तसा, असं असलं की लोक नव्या शब्दालाही त्याच ओढीने तिकडे नेतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये शब्दांतल्या अशा अर्थ सुचवणाऱ्या आवाजांना फोनेस्थीम असं नाव दिलं. 'ॲश'चा गटही असाच: क्रॅश म्हणजे आदळणं, स्मॅश म्हणजे चक्काचूर करणं, बॅश म्हणजे जोरात ठोकणं, लॅश म्हणजे चाबकाचा फटका, स्लॅश म्हणजे सपकन कापणं, थ्रॅश म्हणजे बडवून काढणं. 'अंप'मध्ये गोल फुगवटा दिसतो: लंप म्हणजे गोळा, बंप म्हणजे टेंगूळ, हंप म्हणजे उंटाची मदार, प्लंप म्हणजे गुबगुबीत.

पण हा नियम समजू नका. हंबल म्हणजे नम्र, तो लॅटिनमधल्या जमिनीच्या शब्दावरून आला आणि अडखळण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. कॅश म्हणजे रोकड, रॅश म्हणजे पुरळ, कुणी कुणावर आदळत नाही. पंप तर नुसता पंपच. अनोळखी शब्दाचा अर्थ यमकावरून अंदाजे ठरवणं मला पटत नाही. आधी अर्थ कळू द्या, मग तो गटात बसतो का ते पाहा.

मराठीत आपण उलटापालट, अघळपघळ, लगबग असे जोडीचे शब्द करतो, इंग्रजीलाही तीच खोड आहे. हेल्टर-स्केल्टर म्हणजे सैरावैरा, हिगल्डी-पिगल्डी म्हणजे अस्ताव्यस्त, हँकी-पँकी म्हणजे लपूनछपून चाललेले उद्योग, फडी-डडी म्हणजे जुनाट विचारांचा माणूस, हमड्रम म्हणजे रटाळ. विली-निली हा 'विल आय, निल आय'वरून आला, म्हणजे माझी इच्छा असो वा नसो, आणि आता तो वाट्टेल तसं या अर्थानेही वापरतात. नँबी-पँबी म्हणजे मुळमुळीत. यामागे खरा माणूस आहे: ॲम्ब्रोझ फिलिप्स या कवीच्या लाडिक कवितांची हेन्री कॅरी याने १७२५ च्या सुमारास टिंगल केली आणि ॲम्ब्रोझचं नँबी करून टाकलं. बिचारा कवी कुणाला आठवत नाही, शब्द टिकला. दोन शब्द 'अँड'ने बांधलेल्या जोड्याही शिकून ठेवा. वेअर अँड टेअर म्हणजे वापराने होणारी झीज (हा टेअर फाडण्यातला), हाय अँड ड्राय म्हणजे ऐन वेळी वाऱ्यावर सोडलेला, वाइन अँड डाइन म्हणजे खिलवणं-पिलवणं, नेम अँड शेम म्हणजे नाव जाहीर करून लाज काढणं. यांत अर्थ जोडीचा असतो, सुट्या शब्दांची बेरीज करून तो नेहमी हाती लागत नाही.

म्हणींत यमक वेगळंच काम करतं. हेस्ट मेक्स वेस्ट, म्हणजे घाईने नासाडी होते. नो पेन, नो गेन, म्हणजे कष्टाशिवाय काही मिळत नाही. यमक असलं की वाक्य खरंही वाटायला लागतं, आणि हे तपासलं गेलंय. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिघबख्श या संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना 'वोज युनाइट फोज' म्हणजे 'संकटं वैऱ्यांना एकत्र आणतात' अशी यमकातली वचनं दिली, आणि काहींना तीच यमक मोडून, फोजच्या जागी एनिमीज घालून. अर्थ तोच असूनही यमकातली वचनं माणसाच्या वागण्याचं जास्त अचूक वर्णन करतात असं लोकांना वाटलं. अर्थ आणि शब्दरचना वेगळी ठेवून विचार करा असं बजावल्यावर हा परिणाम कमी झाला. अमेरिकेत माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन याच्यावरच्या खुनाच्या खटल्यात १९९५ मध्ये त्याचे वकील जॉनी कॉक्रन यांनी ज्यूरीला सांगितलं, 'इफ इट डझन्ट फिट, यू मस्ट अक्विट.' विषय एका हातमोज्याचा होता: बसत नसेल तर निर्दोष सोडा. आज त्या खटल्यातलं दुसरं काही न आठवणाऱ्यांनाही हे वाक्य आठवतं.

यमक आणि अर्थ यांचा सगळ्यांत तिरपागडा खेळ पूर्व लंडनच्या कॉकनी बोलीत आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात एक पद्धत पडली. जो शब्द म्हणायचा त्याच्याशी यमक जुळणारा शब्दसमूह घ्यायचा आणि पुष्कळदा त्यातला यमकाचा शब्दच गाळायचा. हेड म्हणजे डोकं, त्याच्याशी जुळतं लोफ ऑफ ब्रेड, त्यातलं ब्रेड गाळलं, उरलं लोफ. 'यूज युअर लोफ' म्हणजे जरा डोकं चालव. लुकशी जुळतं बुचर्स हुक, म्हणून 'हॅव अ बुचर्स' म्हणजे एक नजर टाक. ज्या शब्दात अर्थ दडलाय तोच कुणी बोलत नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसाने कितीही शब्दकोश चाळले तरी तो कोराच राहतो.

तुमच्या यादीत काही घरं रिकामी राहतील, त्याची चिंता करू नका. सिल्व्हरला चिल्व्हर हा एकच जोडीदार आहे, अर्थ मेंढीचं मादी कोकरू. पर्पलला हर्पल, म्हणजे लंगडत चालणं, आणि तोही स्कॉटलंडकडचा. रोजच्या वापरातल्या मंथला मात्र इंग्रजीत पक्कं यमकच नाही.