टाळाटाळ की चालढकल?

नागपूरच्या सक्करदऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं, आई आधीच गेली. महाल भागातलं घर वडिलांच्या कमाईचं, मृत्युपत्र नाही. वाटणीचा विषय काढला की भाऊ म्हणतो, ‘काहून घाई करते तू? पोळा तर होऊ दे.’ पोळा झाला, मारबत निघाली, दिवाळीही गेली. शेवटी ताई म्हणाल्या, ‘तू टाळाटाळ करतोस.’ तेव्हापासून दादा बोलत नाहीत. वहिनी म्हणतात, ‘टाळाटाळ नाही हो, त्यांचा स्वभावच चालढकलीचा.’ ताई विचारतात, माझा शब्द चुकला का?

ताई, शब्द नाही चुकला. दोन्हीत काम अडतं, पण माणूस वेगळा असतो. चालढकल करणाऱ्याला काम करायचं असतं, फक्त आज नको असतं. आणि तो सगळ्यातच तसा असतो, गॅसचा नंबर लावायचाही राहून जातो त्याचा. टाळाटाळ करणाऱ्याला ते एकच काम करायचं नसतं, आणि तोंडाने ‘नाही’ही म्हणायचं नसतं. बाकीची कामं त्याची वेळेवर होतात.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबले. तेरवीनंतर महिनाभरात दादांनी घरटॅक्स स्वतःच्या नावावर करून घेतला, आणि तुम्ही आखीव पत्रिका, म्हणजे घराचं प्रॉपर्टी कार्ड, मागितली तर म्हणाले, कपाटाची किल्ली सापडत नाही. वहिनींचा मान राखून सांगते, ही चालढकल नव्हे. किल्लीचं कारण तर टाळाटाळीच्याही पुढचं, त्याला खोडा घालणं म्हणतात. खोडा म्हणजे पूर्वी गुन्हेगाराचे पाय अडकवायचे तो भोकं पाडलेला जड ओंडका. कागदाशिवाय तुमचं पाऊल पुढे पडणार नाही, हे दादांना ठाऊक आहे.

पण टाळाटाळ हा आरोपाचा शब्द. तो कानावर पडला की माणूस घराचं सोडून स्वतःच्या इज्जतीसाठी भांडायला लागतो. तुमच्याकडे तेच झालं. कदाचित दादांना धास्ती असेल की बहिणीचा वाटा द्यायचा तर घर विकावं लागेल, आणि या वयात जायचं कुठे? तुम्ही हे त्यांना कधी विचारलेलं दिसत नाही. विचारा.

खोडा मात्र स्वतःच काढा. आखीव पत्रिकेची नक्कल नगर भूमापन कार्यालयात मिळते, ऑनलाइनही मिळते, किल्ली लागत नाही. घरटॅक्सच्या पावतीवर नाव चढलं म्हणून मालकी येत नाही. वडिलांनी मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या स्वकष्टाच्या मिळकतीत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगा आणि मुलगी सारखेच वाटेकरी. तुम्ही भावंडं दोघंच, म्हणजे निम्मं-निम्मं. हक्कसोडपत्र पुढे आलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

मग नक्कल पिशवीत घालून महालात जा, चहा होऊ द्या, आणि एवढंच विचारा, ‘दादा, कोणत्या तारखेला बसायचं?’ तारीख मिळाली आणि ती पाळली, तर वहिनी बरोबर होत्या, तसं त्यांना मोकळेपणाने सांगा. पुन्हा ‘पाहू ना’ आलं, तर वकिलाकडून नोटीस पाठवा, तरीही हललं नाही तर वाटणीचा दावा. आणि नोटीस गेली तरी राखीला दादांकडे जा.