एक्स्ट४ चा जर्नल मोड बदलण्याआधी

एक्स्ट४ म्हणजे लिनक्सची फाइल सिस्टिम, डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत; जर्नल म्हणजे बदल पक्के होण्याआधी ती ठेवते ती नोंदवही. लिनक्सवरच्या पहिल्याच आठवड्यात रायटबॅक हा मोड लावायची घाई नको. एक्स्ट४ चा मूळचा ऑर्डर्ड मोड बहुतेकांना पुरतो: आधी फाइलमधला मजकूर डिस्कवर, मग जर्नलमध्ये मेटाडेटाची (फाइलचं नाव, आकार, जागा अशा माहितीची) नोंद पक्की. रायटबॅकमध्ये हा क्रम पाळला जात नाही. वीज गेली की नव्या फाइलच्या पोटात कधीकाळी पुसलेल्या फाइलचा कचरा सापडू शकतो. 'जर्नल' नावाचाच तिसरा मोड सगळं दोनदा लिहितो (आधी जर्नलमध्ये, मग जागेवर), म्हणून सहसा संथ.

नवखे हमखास अडखळतात ते इथे:

- बॅरियर (डिस्कवर लिहिण्याचा क्रम राखणारी सोय) बंद करणं. हे तर अजिबात नको.
- रूटचा (सिस्टिमच्या मुख्य फाइल सिस्टिमचा) मोड एफएसटॅबमधून (काय कसं जोडायचं त्या यादीच्या फाइलमधून) बदलणं. सुरू होताना रीमाउंट (रूट पुन्हा जोडणं) अडतं, सिस्टिम रीड-ओन्लीच उठते, म्हणजे काही लिहिता येत नाही. (माझी एक अख्खी रात्र यात गेली.)
- जर्नललाच बॅकअप समजणं.

वेगाची हौसच असेल तर आधी नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणारा पर्याय) लावून बघ.